नवमीची सुट्टी

मी शिलाई मशीन बोलतेय. आवाज जरा खरखरीत आहे, मनावर घेऊ नका. तेल वेळेवर पडलं नाही की होतं असं.

खिडकीखाली माझी जागा. माझी मालकीण म्हणजे या घरची सून. गल्लीत सगळे तिला टेलरताई म्हणतात. दिवसभर ती माझ्यावर ब्लाउज शिवते आणि मध्ये मध्ये उठून घरही ओढते. तिची कंबर कधीची दुखतेय. मला ठाऊक आहे, कारण उठताना ती माझाच आधार घेते. पण बोलून दाखवेल तर शपथ.

आम्हा हत्यारांचं मात्र बरं आहे. देवीच्या उत्सवात नवमीला आमची पूजा असते. सासूबाई मला पुसतात, कुंकू लावतात, फूल वाहतात आणि दरवर्षी बजावतात, "जे राबतं त्यात देवी असते. पूजा झाली की आज त्याला कुणी हात लावायचा नाही."

मी ऐटीत बसते. आणि टेलरताई? शिवण बंद म्हणून पाहुणे, जेवणं, भांडी सगळं तिच्याच गळ्यात. मला बसल्या जागी लाज वाटायची.

यंदा तिच्या कंबरेनेच हात टेकले. सकाळी वाकली ती सरळ होईना. मग तिने काय करावं? कुंकवाची वाटी उचलली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. शेगडी, तवा, विळी, लाटणं, केरसुणी, सगळ्यांना कुंकू आणि एकेक फूल.

सासूबाई बघतच राहिल्या. "अगं, आता स्वयंपाक कशावर करायचा?"

"हेही वर्षभर राबतातच ना, आई? आणि खरं सांगू, माझ्याने आज उभं राहवत नाहीये. मला एक दिवस बसायचंय."

सासूबाईंचा चेहरा पडला. "मग मी करते काहीतरी. माझी कुठे पूजा झालीय?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला.

टेलरताईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "झाली. आता तुम्हीही बसा."

सासूबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "या घरात आल्यापासून मला कुणी बस म्हणालं नव्हतं गं." आणि वाटी ओढून त्यांनी सुनेलाही कुंकू लावलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा, म्हणजे टेलरताईचा नवरा, डोकावला. "आई, जेवायला काय आहे?"

सासूबाईंनी त्याचं कपाळ नीट निरखलं. "तुला काही कुंकू लागलेलं दिसत नाही. जा, तूच बघ."

तो पिशवी घेऊन बाहेर गेलाय. या दोघी पाय पसरून गप्पा मारतायत. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला फूल जरूर वाहा. पण तिला चालवणारीलाही एकदा 'बस' म्हणा. देवीला तेवढं पुरतं.