बर्फातल्या घरची बाई

केडगावात बर्फ पडत नाही. तरी अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, पुणे रोडचं डांबर चपलेला चिकटत असताना, गनीभाईंच्या दुकानात आठ-दहा धडधाकट माणसं रोज दुपारी बर्फात गारठून मरत होती. मेली की चहा पीत आणि परत मरायला बसत.

गनीभाईंचं दुकान आधी व्हिडिओ कॅसेटचं. घरोघर केबल आली तशा कॅसेट धूळ खात पडल्या, म्हणून त्यांनी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि पाटी नव्याने रंगवून घेतली. कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली. त्या गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. केडगावाने त्याला 'बर्फाचा गेम' करून टाकलं. डोंगरात एक घर. घरात म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि दोन लेकरं. रस्ता बर्फाने बंद. रस्ता मोकळा होऊन गाडी येईपर्यंत ही पाच माणसं जगवायची, एवढंच काम. दिवसा मुलाला बाहेर नेऊन लाकूडफाटा आणि खाणं शोधायचं. संध्याकाळी जे मिळालं असेल ते माऊसने ओढून एकेकाच्या ताटात टाकायचं. मेलेलं माणूस परत उठत नाही, आणि मागे जाऊन चूक निस्तरायची सोय नाही.

गाडी अजून कुणालाच दिसली नव्हती. सल्ल्यांची मात्र टंचाई नव्हती. जो जितका लवकर मरायचा तो तितका ठासून सल्ला द्यायचा.

"खुर्ची जाळू नको, टेबल जाळ," गनीभाई सांगायचे. "खुर्चीवर म्हातारा बसतो. खाली बसला की त्याला खोकला धरतो."

"लांडगा वरडला की दिवा विझवायचा," पंकज गुरुजी म्हणायचे. "आन् दाढीवाला दार वाजवतो, त्याला अजिबात उघडायचं न्हाई."

"का हो गुरुजी, दाढीवाल्यानं तुमचं काय वाकडं केलंय?" गनीभाई आपली दाढी कुरवाळत विचारायचे, आणि बर्फातसुद्धा हशा पिकायचा.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पडद्यावरचं इंग्रजी वाचणारे ते एकटेच. तीन ओळी वाचून एक सांगायचे, आणि ती एक कधी कधी त्यांची स्वतःची असायची. पण तपासायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांचा भाव चढा होता.

आणि भाव खायला त्यांच्याकडे एक प्रमेयही होतं. या गेममध्ये कुणीही खेळो, पहिली मरायची ती सून. थंडी ऐन भरात आली की ती चुलीपाशी खाली बसायची, पेटी-व्हायोलिनसारखं काहीतरी वाजायचं, की संपली. मग चूल विझायची, आणि चुलीमागोमाग म्हातारा, लेकरं, सगळी ओळीने जायची. "ते स्टोरीतच हाय," गुरुजी सांगायचे. "बाई मरायलाच घातलीय. लिहिणाऱ्यानं आपल्याला रडवायला ठेवलीय ती. तिचं मनाला लावून घ्यायचं न्हाई. ती गेली की लाकडं दुप्पट गोळा करायची आन् पुढं चालायचं."

बाकीच्यांना हे पटलं होतं. नितीनला पटत नव्हतं.

नितीन एमआयडीसीत फिटर. हाताने लोखंड वाकवायचा, पण मन अगदी लोण्याचं. बाई खाली बसली की तो माऊस सोडून द्यायचा आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहायचा.

"खचू नको, लेका," गनीभाई पाठीवर थाप मारायचे. "खेळ हाय."

"भाई, हिला एकदा वाचवूनच दाखवतो बघा."

लोक हसायचे, पण त्याच्या घरचं ठाऊक असणारे हसत नव्हते. त्याच्या बायकोला, भारतीला, सातवा महिना होता. पहिलं मूल जन्मलं ते रडलंच नाही. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की हिच्या अंगात रक्त नाही. बाळंतपणापर्यंत वाढलं नाही तर दोघांतल्या एकाचीही खात्री देणार नाही. नितीन त्याच पावली टॉनिकची बाटली, खजूर आणि डाळिंबं घेऊन घरी गेला होता. आणलं म्हणजे तिच्या पोटात गेलं, असा त्याचा सरळ जमाखर्च.

वैशाखातल्या एका सोमवारी तो तिला परत तपासायला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, परत घातला.

"रक्त वाढायचं सोडून कमी झालंय. जेवते का ही?"

"जेवती की," नितीन म्हणाला. "घरात काय कमी हाय?"

"तुम्हाला नाही विचारलं. जेवतेस का गं?"

"जेवते," भारती खाली बघत म्हणाली.

"मग जातं कुठं?"

आता दोन आठवडे बघू, नाही वाढलं तर मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त द्यायला माणसं आत्तापासून बघून ठेवा, असं ऐकून दोघं बाहेर पडली.

रिक्षाने त्यांना रोडवर सोडलं. चार पावलं चालली आणि भारतीला गरगरलं. समोरच गनीभाईंचं दुकान. त्यांनी स्वतःची खुर्ची पंख्याखाली ओढली, तिला बसवलं, लिंबू सरबत मागवलं. त्या दुकानात बाईमाणूस आजवर आलेलं नव्हतं. लोकांनी शर्टाची बटणं लावली, पाय खाली घेतले. नितीन मात्र सुन्न. काय करावं हे माणसाला सुचलं नाही की हात आपलं नेहमीचं करतात; तो जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला.

भारती सरबत पीत बघत राहिली. जरा वेळाने तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"हे घर कुनाचं?"

"आपलंच समज," नितीन म्हणाला. "ह्यांना जगवायचंय."

"वहिनी, तुमीच बसा की," गुरुजी म्हणाले. "आमचा हात न्हाई लागत. बाईचा लागला तर गाडी येईल."

"नको बाई. मोडलं म्हंजे?"

"मोडायला काय काचेचं हाय?" गनीभाई म्हणाले. "बस बेटी. एवढे बाप्ये मारतेत, तू एकदा मारलंस तर कुठं बिघडलं?"

सगळे हसले, तीही हसली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. नितीनने माऊस धरायला शिकवलं. तिला ते पटकन जमलं. लाकडं आणली. खुर्ची नाही, टेबल जाळलं. लांडगा ओरडला तेव्हा मागून सात जणांनी एकदम "दिवा, दिवा" केलं, आणि तिने दिवा विझवला. दाढीवाला आला, तिने दार उघडलं नाही. गुरुजी खूष.

संध्याकाळ झाली. पडद्यावर पाव आले, पाच ताटं आली. पाव चार. भारतीने पहिला म्हाताऱ्याला वाढला. दोन लेकरांना दोन. चौथा मुलाला. सुनेचं ताट तसंच राहिलं. मागच्या कुणाला यात काही वेगळं दिसलं नाही. तेही असंच वाढायचे. दुसऱ्या दिवशी पाव आले तीन. म्हातारा, मुलगा बाहेर राबतो म्हणून मुलगा, आणि एकातला अर्धा अर्धा लेकरांना. असे काही दिवस गेले. कधी एखादा पाव जास्त आला की तो सुनेच्या ताटात पडायचा, नाहीतर नाही.

आणि मग ती चुलीपाशी खाली बसली. वाजायला लागलं.

भारतीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "आगं बाई! हिला काय झालं?"

"गेली," गुरुजी म्हणाले. "ते स्टोरीतच हाय, वहिनी. मनाला लावून—"

"स्टोरीत कसं? मी तिला वाढलंच न्हाई."



"का न्हाई वाढलं?" नितीनने विचारलं.

"उरलंच न्हाई." आज सोमवार आहे असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली.

"न्हाई उरलं, मग ती काय करती?"

"काय करायचं? पानी प्यायचं आन् पडायचं. सकाळपर्यंत हुतंच की." आणि पडद्याकडे बघता बघता तिने आपल्याच बोलण्याला पुस्ती जोडली, "पहिल्यांदा जरा जड जातं. मग भूक लागायची बंद हुती."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती कुणाबद्दल बोलली. तिने पदर तोंडावर ओढला.

ते वाजणं तेवढं चाललं होतं; गनीभाईंनी वायर उपटली तेव्हा ते थांबलं. इतके दिवस रोज दुपारी एकेका शहाण्याने त्या बाईला उपाशी मारलं होतं आणि वर लिहिणाऱ्याच्या नावाने खडे फोडले होते. बंदोबस्त केला तो लांडग्याचा, दाढीवाल्याचा, थंडीचा. ताटाकडे एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या घरातली भाकरीची टोपली आठवायला लागला, आणि आठवेना. जेवून उठल्यावर टोपलीत काय राहतं, ते वळून कुणी पाहिलंच नव्हतं. गुरुजी जागचे उठले आणि चपला शोधायला लागले. त्या पायातच होत्या.

नितीन घराकडे निघाला. भारती मागून सासूला सांभाळून घेत सारखी म्हणत होती, "अहो, मी त्या गेमचं बोलत हुते. आत्यांना काय बोलू नका. तुमाला माझी शपथ."

संध्याकाळी त्याचे वडील कचरू नेहमीप्रमाणे आधी पाटावर बसले. कारखान्यातून रिटायर झालेले, वस्तीतल्या विहाराच्या कमिटीवर असलेले कचरू सभेत समतेवर असे बोलायचे, की बायका पोरांना गप्प बसवून ऐकायच्या. शेजारी नितीनच्या बहिणीची दोन पोरं, सुट्टीला आलेली. नितीनची आई, भिमाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. पहिली भाकरी फुगली आणि कचरूंच्या ताटाकडे निघाली.

"आई, आज भारती आधी," नितीन म्हणाला.

भाकरी भिमाबाईंच्या हातातच राहिली. "काय म्हनलास?"

"भारतीला आधी वाढ."

"मला भूक न्हाई, आत्या," भारती दारातूनच घाईने म्हणाली. "ह्यांना ऊन लागलंय."

"ऊन न्हाई लागलं. डॉक्टरीन म्हनली, रक्त अजून कमी झालंय. रोज आमी उठल्यावर हिच्या ताटात काय उरतं, आई?"

भिमाबाईंनी भाकरी परातीत आपटली.

"आन् माझ्या ताटात काय उरतं ते कधी इचारलंस का रे? का माझ्या अंगात रक्त लागत न्हाई? दोघींत एक भाकरी राहती. कवा दीड. मोठा तुकडा मी तिला देते. इचार तिला, देते का न्हाई?"

"देतात," भारती म्हणाली. ती रडायला लागली होती.

आईला जाब विचारायची जी तयारी नितीनने वाटभर केली होती, ती सगळी वाया गेली. आता त्याला दोघींपुढे उभं राहायचं होतं.

"आन् डाळिंबं? खजूर?"

"पोरं आल्यात घरात. पोरांपुढं बसून खाईल व्हय ती?"

कचरूंना यातलं काही कळेना. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "आगं, पण पीठ हाय की डब्यात. दोन भाकरी जास्तीच्या टाकायला काय हुतं?"

"टाकल्या हुत्या," भिमाबाई म्हणाल्या. "नवी नवरी हुते तवा. सकाळी एक शिळी उरली, तर तुमच्या आईनं ती आळीभर दाखवली. आन् तुमी? परवासुदिक पाव्हन्याला सांगत हुता, आमच्या घरात तुकडा वाया जात न्हाई, मोजून असतं. कसं मोजून असतं, सांगू का पाव्हन्याला?"

कचरूंचा हात ताटात होता, ताट रिकामं होतं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नसल्यासारखं दिसत होतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

मग कचरू पाटावरून उठले.

"बस, पोरी."

"मामा, तुमच्या पाटावर मी—"

"बस म्हनतो ना."

सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, पोरांसमोर, सगळ्यांच्या आधी जेवायला बसायचं म्हणजे भारतीला भर चौकात उभं केल्यासारखं झालं. ती बसली, पण भिंतीकडे तोंड करून. भिमाबाईंनी भाकरी वाढली, वर वांग्याची भाजी घातली. पोरं तोंड उघडं टाकून बघत होती.

"मामी आधी जेवतीय," धाकटं कुजबुजलं. नितीनने त्याला जवळ ओढून गप्प केलं.

पहिला घास फिरत राहिला, उतरेना. दुसरा उतरला. मग तिला अडवता आलं नाही. तिची पाठ सगळ्यांकडे होती, पण मान दिसत होती, हात दिसत होता, आणि तो हात ताटातून तोंडाकडे ज्या घाईने जात होता ते बघून नितीनला उभं राहवेना. तो उंबऱ्यावर बसला. भाकरी संपली. भिमाबाईंनी न विचारता दुसरी टाकली. तीही गेली. कचरू चुलीपाशी, बायकोच्या शेजारी, उकिडवे बसले होते. आपल्या घरातलं माणूस जेवताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं, असे ते बघत होते.

"एवढी भूक," ते हळूच म्हणाले. "आन् आमाला..."

भिमाबाई परातीत पीठ मळत होत्या. नाक वर ओढत होत्या. धुराने असेल.

आता ही पाणी मागेल, हात धुईल, असं सगळ्यांना वाटलं. भारतीने पाण्याचा तांब्या बाजूला सारला. भिंतीकडे बघतच, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लहान करून, ती म्हणाली,

"आत्या, अजून एक वाढा."