मागे उरलेल्यांचा माइक

मी माइक बोलतोय. आजवरचा जन्म दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्यात गेला. आज थोडं माझं ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जाग आली तेव्हा थर्माकोलच्या खोबणीत होतो आणि शेजारी माझा जुळा भाऊ. जपानमधल्या यावाताहामा बंदरात, फेरीबोटीच्या धक्क्यासमोर, तोकिएबाईंचं कॉफीचं दुकान आहे. दुपारची जेवणं उरकली की कामधंद्यातून मोकळी झालेली मंडळी तिथे कॉफी प्यायला आणि पडद्यावरचे शब्द वाचत कराओके गायला येतात. तोकिएबाईंनी भावाच्या गळ्यात लाल चिकटपट्टी गुंडाळली, माझ्या गळ्यात निळी. लाल बायकांचा, निळा पुरुषांचा. माझं नशीब तिथेच ठरलं.

कारण आमच्याकडच्या पुरुषांच्या हातात माइक आला की ते एकच गातात : ती गेली. कधी ती बोटीने जाते, कधी आगगाडीने. हा धक्क्यावर उभा राहतो, कॉलर वर करतो आणि म्हणतो, चूक माझीच होती, तू सुखी राहा, मला विसरून जा. मग एकटाच पीत बसतो. पडद्यावर अक्षरं सरकतात आणि गाणाऱ्याचे डोळे भरून येतात.

गंमत अशी, की यांतल्या बहुतेकांना कुणीच सोडून गेलेलं नसतं. कादोता न्हावी घ्या. आधी मला टकटक करणार, मग फू फू फुंकणार, मग ऊर फाटेल असा विरह गाणार, आणि गाणं संपताच घड्याळ बघून म्हणणार, "पळतो बाबा, बायकोने मासे आणायला सांगितलेत."

मला मात्र सगळ्यांत आवडायचा तो इवाओचा हात. डोंगरउतारावर त्याची संत्र्यांची बाग. बोटं खरखरीत, आणि त्यांना सालीचा वास. गडी अबोल. कॉफी सांगायची तरी नुसतं बोट वर करायचा. पण गाताना असा काही उघडायचा, की कपबश्यांचा आवाजसुद्धा थांबायचा. त्याचं गाणं ठरलेलं. बोट सुटते, ती कठड्यापाशी उभी असते, आणि हा म्हणतो, 'तू जा, मी हात हलवणार नाही.'

"कोण हो ती?" कादोता डोळा मारून विचारायचा. "चिझुरूवहिनींना सांगू का?"

इवाओ नुसता हसायचा.

एका हिवाळ्यात, संत्र्यांची तोडणी संपल्यावर, तो आला, त्याने मला उचललं, सूर वाजले आणि दुसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. ओळी पडद्यावरून निघून गेल्या. त्याचा श्वास तेवढा माझ्यावर येत राहिला. शेवटी त्याने मला हळूच खाली ठेवलं. "घसा बसलाय," म्हणाला.

पुढच्या खेपेलाही तेच. मंडळी गेल्यावर तोकिएबाई टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "चिझुरू बरेच दिवस दिसली नाही."

"लेकीकडे आहे. मात्सुयामाला."

"कधी येतेय?"

त्याने कप फिरवला. "येत नाही म्हणाली. घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणाली."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

तोकिएबाईंनी फडकं खाली ठेवलं. "धन्य आहे तुझी," एवढंच म्हणाल्या.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. चिझुरू आपले उरलेले कपडे न्यायला आली होती. स्टेशनच्या बसला वेळ होता म्हणून पिशवी घेऊन दुकानात शिरली, तर कोपऱ्यात इवाओ. दोघांनी मान लववली, अगदी परक्यासारखी. कादोताला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मला इवाओच्या हातात कोंबलं. "म्हणा की तुमचं ते! आज वहिनीही आहेत!"

इवाओ गायला. कसं ते विचारू नका. त्याची मूठ माझ्यावर इतकी घट्ट होती, की आवाज तिथूनच येतोय असं वाटत होतं.

टाळ्या झाल्या. चिझुरूनेही वाजवल्या. मग ती उठली, लाल माइक सोडून तिने नवऱ्याच्या हातून मलाच घेतलं.

"मला गाता येत नाही," ती म्हणाली. "एक विचारते. इतकी वर्षं ऐकतेय. बाई निघते, आणि हा नुसता उभा. तिला 'थांब' का म्हणत नाही हा?"

"अहो वहिनी," कादोता हसला, "थांब म्हटलं तर गाणं संपेल की!"

सगळे हसले. चिझुरू हसली नाही.

"तेच म्हणतेय मी."

तिने मला त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि दाराकडे वळली. मी चालूच होतो. बंद करायचं तोकिएबाईंना भान राहिलं नव्हतं. इवाओ टेबलाकडे बघत पुटपुटला. फक्त तिलाच सांगायचं होतं त्याला, पण दुकानाच्या दोन्ही कर्ण्यांतून सगळ्यांनी ऐकलं : "थांब ना."



"आता बस येईल," ती म्हणाली. पण पावलं दारातच थांबलेली. इवाओ उठला, तिच्या हातून पिशवी घेतली आणि बागेतल्या चिखलाच्या बुटांनिशी तिच्याबरोबर बसमध्ये चढला. कॉफीचे पैसेसुद्धा विसरला.

चिझुरू लगेच परतली नाही. तो दर आठवड्याला मात्सुयामाला जायचा. सुरुवातीला म्हणे नुसतं हवापाण्याचं बोलायचा, आणि तेवढ्यानेच दमायचा. आता ती तोडणीच्या दिवसांत डोंगरावर असते, बाकी लेकीकडे. कधी कधी दोघं इथे येतात. ती कॉफी सांगते, तो संत्र्यांवरच्या किडीबद्दल सांगत बसतो, आणि ती म्हणते, "पुरे आता, कान किटले."

माझ्याकडे तो बघतही नाही.

आता माझी तार सैल झालीय, मधेच खरखरतो. तोकिएबाईंनी बिनतारी माइक मागवलेत. ते आले की मी फडताळात जाईन. वाईट वाटत नाही. गाणाऱ्यांनो, नव्यांनाही खुशाल फुंका, टकटक करा, रडा. पण जिच्यासाठी गाताय ती अजून दारात उभी असेल, तर आधी आम्हाला खाली ठेवा. आम्ही रागावणार नाही.