तिसऱ्या नोटिशीचा स्कर्ट

शाळा उघडणार अशी नोटीस सोळा महिन्यांत तीनदा आली. पहिल्या दोन्ही वेळी साथ पुन्हा वाढली आणि नोटीस मागे घेतली गेली. पण दोन्ही वेळी मुलीनं गणवेशाचा स्कर्ट घालून पाहिला होता आणि दोन्ही वेळी आईनं तो कमरेत आवळून दिला होता. आई घरीच शिवणकाम करायची. दहा मिनिटांचं काम.

तिसरी नोटीस शुक्रवारी आली. मुलीनं स्कर्ट मशीनवर आणून टाकला.

"कमरेत घे अजून. सोमवारी शाळा आहे."

"अजून?"

"सैल होतोय."

आईनं शिवण उसवायचं ब्लेड उचललं, पण आता नक्की किती आवळायचं ते कळेना. मुलगी स्वेटर काढायला तयार नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हिच्या अंगात स्वेटर. शेवटी आईनं मापांची वही काढली. घरच्यांची मापं मागच्या पानांवर होती. 'गोलू' असं लिहिलेल्या पानावर दोन वर्षांपूर्वीचं माप आईच्या अक्षरात होतं. त्याच्याखाली मुलीच्या बारीक अक्षरात दर रविवारची तारीख आणि तारखेपुढे कमरेचं माप. एकही रविवार चुकला नव्हता. आकडा खाली खाली गेला होता. शेवटच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, 'अजून'.

आईनं वही मिटली आणि बराच वेळ ती शिवायला घेतलेले मास्कच कापत बसली.

साथीच्या सुरुवातीला मावशीचा व्हिडिओ कॉल आला होता. "अगंबाई, घरात बसून गोलूची पार गोलूताई झाली की!" सगळे हसले होते. आईही. त्यानंतर मुलगी ताट खोलीत नेऊ लागली. ऑनलाइन तास चालू आहे म्हणायची. ताट स्वतः घासून ठेवायची, म्हणून आईनं शेजारणीजवळ तिचं कौतुकही केलं होतं. तिच्यासाठी आणलेलं सॅनिटरी पॅडचं पाकीट चार महिने कपाटात तसंच होतं.

दिसत होतं सगळं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आई अंदाजानं माप सांगायची. मग काखेत कळसा असा कसा राहिला? कारण तिला शिवण शिकवणाऱ्या मास्तरांचा एक नियम होता: गिऱ्हाइकाचं अंग बघायचं, बोलायचं नाही. ते सुटलं तर कापड सोडायचं, वाळलं तर आवळायचं. बावीस वर्षं तिनं हा नियम पाळला होता. स्कर्ट दोनदा आला तेव्हाही पाळला.

डॉक्टरीणबाईंचा फोन बाराव्या खेपेला लागला. त्यांचाही आवाज थकलेला. "वजनाचं बोलू नका, मापाचं बोलू नका. बारीक झालीस, छान दिसतेस, हेही नको. तिच्यासोबत बसून जेवा. मंगळवारी घेऊन या. चक्कर आली किंवा खाणंपिणंच बंद झालं, तर मंगळवारची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा."

शनिवारी दुपारी आईनं मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि तिथंच जमिनीवर तीन ताटल्या मांडल्या. भात, उकडलेली अंडी. बाबा शाळेची बस चालवायचे. सोळा महिने घरीच होते. ते येऊन बसले. आईनं त्यांना आधीच बजावलं होतं, 'पंखा बंद करा, पोरगी उडेल' हा विनोद आता पुरे.

मुलगी दारातच उभी राहिली. "स्कर्ट झाला?"

"आवळणार नाही मी."

"मग गळून पडू दे का शाळेत?"

"नाडी घालते."

"नाडी? बालवाडीत जातेय का मी?" मग तिचं लक्ष बाहेर काढलेल्या वहीकडे गेलं. "तू माझं पान बघितलंस."

"बघितलं."

"आता ओरड."

"नाही गं. ओरडायचं तर माझ्यावरच ओरडावं लागेल. दोनदा आवळून दिला, एका शब्दानं विचारलं नाही."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मला वाटलं, तुला आवडतंय."

बाबांनी मान खाली घातली.

"धंद्याची सवय," आई म्हणाली. "चुकलं माझं. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"मला काही झालेलं नाही."

"बरं."

"मी येणार नाही."

आईनं अंडं सोललं. बाबा घसा खाकरून म्हणाले, "बस काढू का मोठी? सोळा महिन्यांनी पहिली फेरी. पॅसेंजर एक."

"शाळेची बस अशी काढतात का, बाबा?"

"नाही काढता येत. रिक्षानं जाऊ."

मुलगी हसली नाही. पण म्हणाली, "कडेला मी बसणार. आणि तिथं कुणी गोलू म्हणायचं नाही."

"इथंही नाही," आई म्हणाली.

मुलीनं अर्धं अंडं खाल्लं. त्याला पंचवीस मिनिटं लागली. तोवर कुणी उठलं नाही. उरलेलं अर्धं तिनं ताटलीच्या कडेला सरकवलं आणि ती भिंतीला डोकं टेकून बसली. आईनं काही म्हटलं नाही. पण या वेळचं न बोलणं तिला फार जड गेलं.

मग तिनं ब्लेडनं स्कर्टच्या दोन्ही वेळच्या शिलाया उसवल्या. उद्या रविवार होता; मापाची टेप काल रात्रीपासून तिनं स्वतःच्याच गळ्यात ठेवली होती. नाडी कापताना तिनं ती काढली नाही. नाडी अंदाजानं कापली, जरा जास्तच लांब.