नऊ खुंट्या

“मी ‘सुरू’ म्हटलं की एका वेळी एक खुंटी उचला आणि भोकात बसवा. नऊही बसल्या की एकेक काढून परत वाटीत ठेवा. जमेल तितक्या लवकर. सुरू.”

मोजणारी ताई एवढंच बोलायची. नव्या गोळीच्या चाचणीसाठी सात देशांतल्या दवाखान्यांत, सात भाषांत हेच वाक्य म्हटलं जात होतं. खरी गोळी कुणाला आणि नुसती पिठाची कुणाला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ‘कशा आहात?’ असं विचारायचीही तिला मुभा नव्हती.

बाईंनी पहिली खुंटी उचलली. पस्तीस वर्षं पहिलीतल्या मुलांचे हात धरून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली होती. आता मेंदूकडून हाताकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवरचं आवरण झिजत चाललं होतं. निरोप निघायचा, पण वाटेत रेंगाळायचा. चौथी खुंटी भोकाच्या काठाला आपटली आणि घरंगळली.

घरी असं होत नव्हतं. घरी रोज अठ्ठावीस सेकंद. सराव करू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि बाईंनी विचारलंही नव्हतं.

ताईने घड्याळ थांबवलं, आकडा लिहिला आणि कागद पालथा ठेवला.

“किती गं?”

“सांगता येत नाही, बाई.”

पण बाईंनी मनात मोजले होते. बेचाळीस. मागच्या वेळी सदतीस. लागोपाठ दोनदा आकडा एवढा वाढला, तर गोळी चालू ठेवायची की नाही हे दूरच्या एका देशातली समिती ठरवणार होती. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आज तिने दार मात्र स्वतः उघडून धरलं.

घरी यजमान रंधा मारत बसले होते. सुतारकाम सुटलं तरी हात सुटला नव्हता.

“काय बाई, पास की नापास?”

“पाटी आणा.”

नऊ भोकांची लाकडी पाटी त्यांनीच बनवलेली, दवाखान्यातल्या मापाची. बाईंनी खुंटी भोकात घातली. ती सहज गेली आणि आत डुगडुगली. तिच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीचं टोक सरकवलं. तेही गेलं.

“अहो, भोकं कधी मोठी केलीत?”

रंधा थांबला.

“उन्हाळ्यात एकदा. मग अजून दोनदा. गोल कानशीने, अगदी जराशी.”

“एका पोराला कधी अर्धा मार्क वाढवून दिला नाही मी!”

“मी कुठे मास्तर आहे? आकडा ऐकून तू सकाळी हसायचीस. नंतर चहासुद्धा तूच करायचीस. मला वाटलं, तेवढं तरी...”

बाईंनी भोकाच्या काठावरून बोट फिरवलं. पॉलिशपेपरने तो छान गुळगुळीत केला होता. काम नेहमीसारखंच नीटस होतं.

“म्हणजे उन्हाळ्यापासून मी उतरतीला लागलेय. आणि हे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

जमिनीवरच्या भुशाकडे पाहत यजमानांनी विचारलं, “गोळी बंद करतील?”

“बघू. पण सात देशांत माझा खरा आकडा जातोय. घरात तरी खोटा नको. नवी पाटी करा.”

“आज?”

“आजच.”

दुपार उतरेपर्यंत नवी पाटी तयार झाली. भोकं मापाची, खुंटी जेमतेम जाईल अशी. बाई टेबलाशी सरसावून बसल्या. यजमान घड्याळ घेऊन समोर उभे राहिले आणि दवाखान्यातलं ते वाक्य, बाईंनी पाठ करून घेतलं होतं तसं, एकही शब्द न चुकता म्हणाले. शेवटी म्हणाले, “सुरू.”

दुसरी खुंटी तिरकी बसली, ती काढून पुन्हा बसवावी लागली. सहावी दोन बोटांतून निसटली. यजमानांचा हात नकळत पुढे झाला आणि तिथेच थांबला.

नववी खुंटी बसली तेव्हा अठ्ठावीस सेकंद झाले होते. अजून नऊच्या नऊ काढायच्या होत्या. त्यांनी घड्याळ थांबवलं नाही, आणि बाईंनीही मान वर केली नाही.