उसनं घर

पाहुण्याला आपल्याकडचं चांगलं तेवढंच दाखवायचं, ही आमच्या गावाची रीत. शाळेत तपासणी असली की फुलांच्या कुंड्या नगरपालिकेतून उसन्या येतात आणि साहेबांची गाडी पुलापलीकडे गेली की परत जातात. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. पाहुण्याचा मान राखला, एवढंच वाटतं.

म्हणून लिंडक्विस्टबाई छु श्युएचिनचं घर बघायला येणार असं कळलं, तेव्हा उपमुख्याध्यापक थाओ सरांना पहिली काळजी पडली ती घराचीच. लिंडक्विस्टबाई अमेरिकेतल्या एका संस्थेच्या. आमच्याकडचं मूल वर्षभर तिकडच्या कुटुंबात राहायचं, तिकडचं इकडे यायचं. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना नीट ओळखावं, हा हेतू. आमच्या वाट्याला एकच जागा होती. पंधरा वर्षांची श्युएचिन परीक्षेत पहिली आली होती, मुलाखतही झाली होती. आता फक्त घरभेट उरली होती.

तिचं घर म्हणजे बसस्टँडमागची एक खोली. बाप चीनच्या दुसऱ्या टोकाला, शिनच्यांगला बांधकामावर. आई, पान ग्वेई, शाळेच्या फाटकाशी थंड शेवया विकायची.

"तिथे नेऊ त्यांना?" थाओ सर पान ग्वेईला म्हणाले. "कोळशाच्या शेगडीपाशी बसवू? अख्ख्या देशाची अब्रू जाईल, बाई!"

त्यांनी शिक्षण खात्यातल्या युआन साहेबांचं घर दुपारपुरतं मागून घेतलं. साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या बायकोने श्युएचिनची आई व्हायचं हसत हसत कबूल केलं.

"मला कुठे मूलबाळ आहे? एका दुपारची लेक तर एका दुपारची," ती म्हणाली. "पण स्वयंपाकाचं काय? माझ्या हातचं खाल्लं तर अमेरिका युद्धच पुकारेल."

"मी करते ना," पान ग्वेई म्हणाली. "तेवढंच तिच्या जवळ राहीन."

"पण कामवाल्या मावशी म्हणून राहायचं हं," थाओ सरांनी बजावलं. "तोंडून चुकून काही गेलं तर पोरीची जागा गेली."

"नाही जायचं काही."

श्युएचिन तिथेच उभी होती. "आई, तो निळा कोट नको घालूस," एवढंच ती म्हणाली. "त्याला तिखट तेलाचा वास मारतो."

रविवारी दुपारी लिंडक्विस्टबाई आल्या. श्युएचिनने त्यांना साहेबांची अभ्यासिका आपली खोली म्हणून दाखवली. जेवायला बसल्यावर युआनबाईंनी माशाचा मऊ तुकडा तिच्या वाटीत घातला.

"खा ग राणी, अभ्यासाने वाळलीयेस नुसती."

"पुरे ना ग आई," श्युएचिन लाडात म्हणाली.

पान ग्वेई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. लिंडक्विस्टबाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

"घरकामाच्या मावशी," श्युएचिनने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. "खेड्यातल्या आहेत. त्यांना फारसं काही कळत नाही."

शेवटची दोन वाक्यं तिला कुणी शिकवली नव्हती.

"सगळं यांनी रांधायचं आणि यांनीच उभं राहायचं?" असं म्हणत लिंडक्विस्टबाई उठल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि पान ग्वेईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग बाई तिचा हात हातात घेऊन सावकाश इंग्रजीत बोलू लागल्या.

"तुम्हाला मुलं आहेत का? शाळेत जातात? खरं सांगू, ही जागा तुमच्यासारख्यांच्या मुलांसाठी आहे. श्युएचिन हुशार आहे, पण तिच्या घरी सगळंच आहे. ती आज ना उद्या स्वतःहून येईलच अमेरिकेला. तुमचं मूल शिकत असेल, तर मला आजच्या आज भेटायचंय त्याला."

टेबलाशी हे दोघांनाच कळलं, थाओ सरांना आणि श्युएचिनला. थाओ सरांनी रुमालाने मान पुसली. सगळं सांगावं तर पान ग्वेई भाबडेपणाने खरं बोलून जाईल, साहेबांच्या घराचं बिंग फुटेल आणि शाळेचं तोंड काळं होईल. ते आमच्या बोलीत म्हणाले, "तुला मूलबाळ आहे का, विचारतायत."

पान ग्वेईने लेकीकडे बघितलं. श्युएचिन माशाचे काटे काढत होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेवढं इंग्रजी तिला नक्कीच येत होतं. पण युआनबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि मघाचे शब्द तिने स्वतःच्याच तोंडाने उच्चारले होते. तिने आणखी एक काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

"नाही," पान ग्वेई म्हणाली. पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून ती हसली. "नशिबातच नव्हतं."

हे भाषांतर मात्र थाओ सरांनी शब्दाला शब्द केलं. लिंडक्विस्टबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी पान ग्वेईला घट्ट मिठी मारली.

पाहुणीला गाडीपर्यंत पोचवून थाओ सर जिना चढून परत आले.

"नाही झालं. दुसऱ्या गावच्या पोराला देतायत."

"अरेरे," युआनबाई म्हणाल्या. "बरं, ग्वेई, भांडी घासूनच जा हं. आणि गालिच्यावर रस्सा सांडलाय बघ, तो आधी पूस."

अंधार पडायच्या सुमाराला मायलेकी घराकडे निघाल्या. श्युएचिन पुढे चालत होती. पान ग्वेई पिशवी सावरत मागून येत होती.

"माझं काही चुकलं का ग?" तिने विचारलं. "बाईंनी मला मिठी मारली ना, तेव्हा मला वाटलं, झालं तुझं काम. काय म्हणत होत्या ग त्या एवढं?"

श्युएचिनने मागे वळून पाहिलं नाही.

"तू टेबलाशी बसायला नको होतंस," ती म्हणाली.

पान ग्वेईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मलाही तेच वाटत होतं बघ," ती म्हणाली. "पण त्यांनी हातच धरला ग. पुढच्या वर्षी कुणी आलं, तर मी स्वयंपाकघरातून बाहेरच येणार नाही."