अंगठ्याएवढी जागा

ट्रकवाल्याने फडक्यात गुंडाळलेला पिस्टन टेबलावर आदळला. "हे बघा तुमचं काम!"

वहिनींनी फडकं सोडलं. सारा बाजार त्यांना वहिनीच म्हणायचा, ट्रकवालाही. पिस्टनच्या माथ्यावर त्यांनी स्वतः चढवलेला सिरॅमिकचा थर कडेपर्यंत घट्ट होता. फक्त मधोमध, अंगठ्याएवढ्या जागेत, त्याचा पापुद्रा उडाला होता. टर्बो इंजिनातली आग ती, तिला तेवढी वाट पुरली. उघडं पडलेलं ॲल्युमिनियम तिने खाऊन टाकलं होतं.

"चढावर गाडी धापा टाकायला लागली," ट्रकवाला म्हणाला. "वेळीच थांबलो, नाहीतर इंजिनाचे बाराच वाजले असते."

आतून दीर आला. नवरा गेल्यापासून कोटिंगचं दुकान या दोघांचं होतं, पण वहिनींनी थर फवारायची गन हातात घेतली, हे काही त्याच्या पचनी पडलं नव्हतं.

"तरी मी सांगत होतो," तो म्हणाला. "वाळूचा मारा करून पिस्टन खरबरीत केला की त्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की थर धरतच नाही. कुणाचा अंगठा हा?"

दोष वाळूवर ढकलता आला असता, थराच्या भुकटीवरही. वहिनींनी आपला अंगठा त्या खड्ड्यावर टेकवला. नेमका बसला.

"माझाच."

त्यांना आठवलं. एकटीने केलेलं ते पहिलंच काम. मारा झाल्यावर माथ्यावर धुळीचा कण राहिला होता. शाळेत निघालेल्या पोराचा गाल पुसावा तसा त्यांनी तो अंगठ्याने पुसला होता. हातमोजा काढलाय, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

"चूक माझी, भरपाई माझी. नवा पिस्टन आणा. थर मीच चढवून देईन."

"आणतो. पण या खेपेला हातमोजे तेवढे घाला, म्हणजे झालं," ट्रकवाला कुरकुरला आणि निघून गेला.

तो जायचीच दीर वाट बघत होता. "उद्यापासून तुम्ही काउंटरला बसा, वहिनी. गनचं मी बघतो. आणि हे भंगारात टाकू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याने हात पुढे केला, तशी वहिनींनी पिस्टन छातीशी धरला.

गनच्या वरच्या भिंतीवर जाड खिळ्यांत दोन पिस्टन अडकवलेले होते, एक दिराचा, एक नवऱ्याचा. दोघा भावांनी दुकान काढलं तेव्हाचा नियम होता. जो पिस्टन बिघडवेल त्याने स्वतःच्या हाताने तो भिंतीवर टांगायचा, रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून. ज्याचा पिस्टन भिंतीवर नाही तो अजून शिकाऊच, असं नवरा हसून म्हणायचा.

"हातोडी कुठंय, भाऊजी?"

"वहिनी, तो नियम आम्हा दोघांचा होता."

"म्हणजे चुकायचा हक्कही तुम्हा दोघांचाच का? तुमचा बिघडला तेव्हा तुम्हाला कुणी काउंटरला बसवलं नव्हतं. ह्यांनी चहा पाजला आणि गन परत हातात दिली. मी इथेच उभी होते."

दिराने हातोडी दिली नाही. वहिनींनीच ती खोक्यातून उपसून काढली. पहिल्या घावाला भिंतीचा गिलावा उडाला.

"खिळा वाकडा जातोय," दिराला राहवेना.

"जाऊ दे. पिस्टन माझा, खिळाही माझा. आणि उद्या गनवरही मीच असणार. पटत नसेल तर काउंटर मोकळाच आहे."

दीर बाहेर गेला. थोड्या वेळाने बाहेर काउंटरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वहिनींनी आपल्या उंचीला पिस्टन अडकवला. नवऱ्याचा वीतभर वर होता. टाचा उंचावून त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. तिथेही अंगठ्याच्या आकारात थर उडालेली जागा होती. कपडे देऊन टाकले होते, चपलाही. फोटोत त्याचे हात पाठीमागे होते. त्याच्या हाताची म्हणून एवढीच एक खूण उरली होती. वहिनींनी तिच्यात अंगठा ठेवला. भोवती जागा उरली. त्यांना भडभडून आलं.

मग त्यांनी दोन्ही हातमोजे मनगटापर्यंत ओढून घेतले आणि गन सुरू केली.