माझ्या जागेवर लिंबं बसली

मी मिठाची बरणी बोलतेय. गोड बोलणं ऐकायचं असेल तर साखरेच्या डब्याकडे जा, तो पलीकडच्या फळीवर बसलाय. माझ्याकडे ते मिळणार नाही. आधीच मी तापट, त्यात गेले कित्येक महिने या घरात जे चाललंय ते बघून माझा नुसता जळफळाट झालाय.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. त्याने आधी एक मोठी, डौलदार बरणी केली आणि उरलेल्या मातीची मी. दोघींना सारखंच पांढरं झिलईदार अंग दिलं, पण दुकानात मोठीला दर्शनी जागा मिळाली आणि मला तिच्या पाठीमागे ढकललं. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सुरेख बरणी आहे! तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखतं म्हणा ना.

मला पुढे काढलं ते एका बाईने. ती शिवणकाम करते. कापडाचा पोत बघावा तसं तिने मला चाचपलं, आत हात घालून फिरवला आणि म्हणाली, "हीच द्या. आमच्या ह्यांचा हात आत जायला हवा."

हे म्हणजे तिचा नवरा. एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी. त्याला मिठात चमचा घातलेला खपत नाही. तीन बोटं आत घालायची, चिमूट उचलायची, हात खांद्याएवढा वर न्यायचा आणि पातेल्यावरून एक फेरा मारायचा. माप नाही, वजन नाही. तरी कधी कमी नाही की जास्त नाही. त्या बोटांची मला इतकी सवय झाली की दुसऱ्या कुणी झाकण उघडलं तर माझ्या अंगावर काटा यायचा.

काय रुबाब होता माझा! ओट्यावर मी, जेवताना टेबलावर मधोमध मी. मिरपुडीच्या डबीला दिवसच्या दिवस कुणी विचारायचं नाही. मी तर तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एवढा पट्टीचा आचारी, पण घरी तो कधी बसून जेवला नाही. कामावरून आला की ओट्याशी उभ्याउभ्या चार घास, तेही भांड्यातूनच. बायको म्हणायची, "अहो, ताट वाढलंय, बसा ना." तो म्हणायचा, "आचाऱ्याचं पोट वासानेच भरतं गं." मग ती टेबलाशी एकटीच जेवायची.

आणि मग तो आजारी पडला. एके दिवशी जिना चढून आला तो धापा टाकतच. पाय असे सुजले होते की चपलेचा पट्टा खोल रुतला होता. बायको घाबरीघुबरी झाली. दवाखान्यात राहून परत आला तेव्हा अर्धा झाला होता आणि घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक, त्याचं हृदय अशक्त झालंय ही बातमी. दुसरी, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"बघितलंत? पाणी साठलंय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ओझं हृदयावर पडतं. वरचं मीठ बंद. खारवलेलं बंद, विकतचं हवाबंद डब्यातलं बंद."

"कमी करू ना," बायको म्हणाली.

"कमी नाही हो, तूर्त बंदच. बाकी मात्र त्यांना चवीने खाऊ द्या, पोटभर खाऊ द्या. उपाशी माणूस बरा होत नाही."

मी हातभर अंतरावर होते. माझ्या तोंडावर माझ्याबद्दल असं बोलल्या! वर माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, जणू मीच रोज उठून त्याच्या घशात उतरत होते.

दुसऱ्याच दिवशी बायकोने मला टेबलावरून उचलून फळीवर ठेवलं आणि माझ्या जागी काचेच्या वाडग्यात लिंबं आणून ठेवली. पिवळीधमक, तुकतुकीत लिंबं. कालपरवा बाजारातून आलेली आणि मिजास अशी की घर त्यांच्याच बापाचं. एक चिरलं की खोलीभर वास. मला वास नाही, हे मला आजवर कुणी जाणवूही दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "हे जेवण आहे की भिंतीचा ओला चुना?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, घ्या आता लिंबू! पण तो खाईनासा झाला. गालफडं बसली. बायको त्याच्यासमोर बसून तीच अळणी भाजी मुकाट्याने खायची आणि म्हणायची, "बघा, मी खातेय ना? इतकी काही वाईट नाही."

शेवटी एका सकाळी तो वैतागून उठला. "सर तिकडे. दुसऱ्याच्या हातचं वाईट खाण्यापेक्षा माझ्या हातचं वाईट खाईन." त्याने लसणाच्या पाकळ्या सालासकट भाजल्या. कांदा इतका वेळ परतला की तो तपकिरी होऊन गोड झाला. डबीतली मिरपूड सढळ हाताने घातली. हो, तीच मिरपूड, जिला कुणी विचारत नव्हतं! सगळं भाजीत ढवळलं आणि वरून लिंबाची साल किसून घातली. चव बघितली, भुवया उंचावल्या आणि अख्खी वाटी संपवली.

मी फळीवरून बघत होते. तो हात उंच नेऊन काहीतरी भुरभुरत होता आणि ते मी नव्हते. माझ्या जिवाची काय आग झाली असेल ते माझं मला माहीत.

अंगात थोडं बळ आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला अर्धा दिवस कामावर जायला परवानगी दिली. अट एकच, जेवण घरच्या डब्यातलं. तो इमानेइतबारे डबा न्यायचा आणि चाटूनपुसून परत आणायचा. पण पायांची सूज काही उतरेना. अंगठा दाबला की खड्डा तसाच.

"मीठ कुठून तरी जातंय," डॉक्टरीणबाई एके दिवशी कडक आवाजात म्हणाल्या. "असंच चाललं तर पुन्हा दवाखाना. आणि या वेळी नोकरी कायमची सोडावी लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

आचाऱ्याचा चेहरा पडला. कँटीन म्हणजे त्याचा जीव की प्राण. "शप्पथ, मी मिठाला हात लावत नाही," तो म्हणाला.

पण बायकोचा संशय कुणावर जावा? माझ्यावर! तिने शिवणाचा लाल दोरा माझ्या झाकणावरून गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि स्टुलावर चढून मला कपाटाच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. धुळीत, एका फुटक्या दिव्याशेजारी. चोरावर पहारा ठेवावा तसा माझ्यावर दोरा! आणि खाली लिंबं उजळ माथ्याने टेबलावर.

पुढच्या खेपेला अंगठा पुन्हा तितकाच रुतला. बायकोने स्टुलावर चढून दोरा तपासला. गाठ जशीच्या तशी. ती स्टुलावरच बसली आणि रडायला लागली. "आता अजून कुठे शोधू हो मी?"

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. सुटीच्या दिवशी कँटीनमधला दुसरा आचारी भेटायला आला. ताडमाड उंच, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणतात. मिशा पिळत खुर्चीत बसला आणि कौतुकाने म्हणाला, "काकू, काका परत आले नि आमच्या जिवात जीव आला. ते नव्हते तेव्हा जेवणाला चवच नव्हती. काकांनी चाखल्याशिवाय एक पातेलं बाहेर जात नाही आमच्याकडे."

बायकोचा चहाचा कप हातातच राहिला. "चाखतात?"

"मग! सूप, भाजी, रस्सा, सगळं. मीठ घातलं की एकदा, उकळी आली की एकदा, उतरवताना एकदा."

"अहो!" बायको किंचाळलीच.

आचारी खरोखर गोंधळला होता. "अगं, पण ते खाणं थोडंच आहे? ते काम आहे. चमचाभर तर घेतो."

"पातेली किती आणि चमचे किती, कधी हिशेब केलाय?"

तो बोटांवर मोजायला लागला. त्याने कधी चोरून काही खाल्लंच नव्हतं. जन्मभर चव बघणाऱ्या माणसाला ते पोटात जातं हेच कधी वाटलं नव्हतं! वर कपाटावर मी जळत होते. म्हणजे मला इथे धुळीत डांबून तो तिकडे परकं मीठ चाटत होता. कँटीनच्या पत्र्याच्या डब्यातलं! ना रंग, ना रूप!

"आजपासून चाखणं बंद," बायको म्हणाली.

"मग मी आचारी कसला? न चाखता स्वयंपाक कसा करू? त्यापेक्षा सोडतो नोकरी." लंबू जमिनीकडे बघत बसला. आपण काय बोलून बसलो हे त्याला आता कळलं होतं.

बायकोने डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "मी शिवलेला प्रत्येक कपडा स्वतः घालून बघते का?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाइकाला घालायला लावते आणि विचारते. बाई, काखेत ओढतंय का? कमरेत ढिलं होतंय का? ती सांगते, मी बरोबर करते. कपडा मीच शिवलेला असतो ना? मग हा लंबू चाखेल, तुम्ही विचारा."

त्यासाठी मला खाली काढलं, दोरा तोडला, धूळ पुसली. मला वाटलं, सुटले! कसलं काय. टेबलावर सूपच्या वाट्या मांडल्या. आचारी माझ्यातून चिमूट उचलायचा आणि वाटी लंबूपुढे सरकवायचा.

"कसं लागतंय?"

"बरं लागतंय."

"बरं म्हणजे काय, गाढवा? जिभेच्या टोकाला लागतंय की मागे? गिळल्यावर चव राहते की पळून जाते?"

"थांबा हो काका, जीभ आहे की भूगोलाचा नकाशा?"

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. बिचारा लंबू आठवडेच्या आठवडे सूप पीत राहिला, पण शिकला. हळूहळू सांगायला लागला, "काका, मागे जरा पोकळ वाटतंय." आणि आचारी तेवढ्यावरून ओळखायचा. पण माझं काय? त्याच्या बोटांतून मी जायचे ती त्या मिशाळ माणसाच्या तोंडात. आणि शिकवणी संपली की पुन्हा फळीवर.

सूज उतरली. आधी घोट्याची, मग नडगीची. कामावरचं चाखणं बंद झालं तशी घरी आल्यावर त्याला कडकडून भूक लागायला लागली. तो ताट घेऊन टेबलाशी बसायला लागला, बायकोच्या शेजारी. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या सगळ्या राज्यात तो एकदा असा बसला नव्हता, आणि लिंबांच्या राज्यात रोज!

एका संध्याकाळी त्याने भाजलेला टोमॅटो तोंडात टाकला आणि थांबला. "अगं, हा गोड आहे!"

"टोमॅटो गोडच असतो."

"मला कुठे माहीत होतं? आजवर चव घेतली ती काय कमी आहे ते शोधायला. खाल्लं कुठे?" मग त्याने डोळे मिटून सबंध टोमॅटो खाल्ला, बोटं चाटली आणि दुसरा मागितला. मी फळीवर बसून कुढत होते. तो बरा होत होता, हे कळत होतं मला. पण माझ्याशिवाय इतकं मजेत बरं व्हावं माणसाने?

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्याची नडगी दाबली. खड्डा पडलाच नाही. त्या हसल्या. "शाबास! कँटीन सुटत नाही तुमचं. आणि ताटावर चिमूटभर मीठ घ्यायला आता हरकत नाही."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. बायकोने मला धुतलं, कोरडं केलं, ताजं मीठ भरलं आणि थेट त्याच्यासमोर ठेवलं. लिंबांना चक्क बाजूला सरकवलं! त्याने झाकण काढलं. तीच तीन बोटं आत आली. चिमूट उचलली, हात खांद्यापर्यंत वर गेला. मी श्वास रोखून बघत होते.

आणि तो हात त्याच्या ताटावरून पुढे गेला. बायकोच्या भाजीवर त्याने मीठ भुरभुरलं.

"अहो, हे काय? मला कशाला?"

"खा तू. मी आजारी पडलो तेव्हापासून अळणी गिळतेयस."

"मला काही वाटत नाही हो. सवय झाली."

"खोटं बोलू नकोस. आता रोज शेजारी बसतो मी. पहिला घास घेताना तुझं तोंड कसं होतं ते दिसतं मला."

तिने घास घेतला. चावायची थांबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. "आई गं," म्हणाली, "किती दिवसांनी!" मग तिने स्वतःच आत बोटं घातली आणि अजून एक चिमूट घेतली. इतकी वर्षं मी एकाच हाताची वाट बघत होते. पण माझ्यासाठी असं रडलं कोण? ती. तो तर भाजीवर लिंबू पिळून मिटक्या मारत होता.

आता मी टेबलावर तिच्या उजव्या हाताशी असते. त्याच्या बाजूला ती पिवळी मंडळी आहेतच, आणि मी जळते, रोज जळते. पण तुम्हाला एक सांगते. तुमच्या घरी कुणी पथ्यावर असेल तर त्याचं हवं-नको सगळे बघतील. त्याच्या शेजारी कुणीतरी निमूटपणे तेच बेचव अन्न गिळत असेल, तिकडे जरा बघा. थोडं मीठ देऊ का, एवढं विचारा. आणि विचारताना बरणी हातात घेऊन विचारा. लिंबू नव्हे.